उजवीकडच्याचा हक्क

चाकणला मोटारी जोडणाऱ्या आणि नाशिकला इंजिनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून कितीतरी मराठी अभियंते जर्मनीला जातात. कुणी स्टुटगार्टला, कुणी वोल्फ्सबुर्गला, कुणी म्युनिकला. मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरे आहेत, पण या दोन मुलुखांमधली खरी वर्दळ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाढली आणि ती बहुतांशी मोटारीमुळेच वाढली. ही माणसे मोटारीचा ब्रेक, क्लच, इंधनाची यंत्रणा आतून-बाहेरून ओळखतात. तरीही जर्मनीत मुक्काम करून सहा महिने झाले की भारतीय लायसन्सवर तिथे गाडी चालवता येत नाही. मुक्काम वर्षभराच्या आतच संपणार असल्याचे दाखवता आले तर मुदत वाढवून मिळू शकते. एरवी सहा महिन्यांनंतर लेखी परीक्षा द्यायची, रस्त्यावरची परीक्षा द्यायची आणि जर्मन लायसन्स घ्यायचे.

जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांचे लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळते. त्या यादीत भारत नाही. पुण्यात पंधरा-वीस वर्षे गाडी चालवलेल्या, खंबाटकीचा घाट पावसाळ्यात रात्री उतरलेल्या माणसाला हे कळते तेव्हा त्याला राग येतो. तो राग मला समजतो. घाटात समोरून ओव्हरटेक करत येणारा ट्रक चुकवायला जे भान लागते ते कुठल्याच परीक्षेत मोजले जात नाही. पण ही परीक्षा हाताचे कौशल्य तपासण्यासाठी नसतेच मुळी. अनोळखी माणसांनी आपल्यावर किती विश्वास टाकावा, हे ती तपासते. जर्मन रस्ता ज्या तत्त्वावर चालतो त्यात या नवख्या माणसाला सामावून घेता येईल का, एवढाच तिचा प्रश्न असतो.

आधी कागदपत्रे. भारतीय लायसन्सचे जर्मन भाषांतर लागते. आरटीओतून मिळणारे आंतरराष्ट्रीय परमिट म्हणजे मूळ लायसन्सचा अनेक भाषांतला अनुवाद असतो, त्याने सहा महिन्यांची मुदत वाढत नाही. डोळ्यांची तपासणी चष्म्याच्या दुकानात होते. मग प्रथमोपचाराचा वर्ग. हा वर्ग सहसा कुणाला चुकत नाही. पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, बहुधा एकाच दिवशी. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवायचे, हेल्मेट कसे काढायचे, छातीवर 30 वेळा दाब आणि मग 2 श्वास हे चक्र कसे चालू ठेवायचे, हे सगळे जमिनीवर गुडघे टेकून प्रत्यक्ष करावे लागते. अपघात पाहून मदत न करता निघून जाणे हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे मदत करणाऱ्यालाच पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालावे लागतील ही भीती पिढ्यान्‌पिढ्या होती. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि पुढे 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अशा माणसाला संरक्षण दिले. जर्मन कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. जो गाडी चालवणार त्याने रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलायलाही शिकले पाहिजे, असे तो मानतो. ही सक्ती आपल्या आरटीओने उद्या सकाळी उचलावी असे मला मनापासून वाटते. तिला मोठे रस्ते लागत नाहीत, महागडी यंत्रे लागत नाहीत.

ज्यांनी कधीच लायसन्स काढलेले नाही अशा शिकाऊंचा रस्ता फार लांबचा असतो. फारशुले म्हणजे तिथली ड्रायव्हिंग स्कूल. तिथे दीड-दीड तासाचे चौदा वर्ग बसून ऐकायचे. साध्या सरावाच्या फेऱ्यांखेरीज बारा खास फेऱ्या सक्तीच्या: पाच शहराबाहेरच्या रस्त्यांवर, चार आउटोबानवर म्हणजे महामार्गावर आणि तीन अंधारात. सगळा खर्च सहज तीन हजार युरोंच्या घरात जातो. भारतीय लायसन्स असलेल्याला हे वर्ग आणि या खास फेऱ्या सक्तीच्या नाहीत. परीक्षा मात्र दोन्ही द्याव्याच लागतात, आणि रस्त्यावरची तर फारशुलेच्या गाडीतून आणि तिथल्या शिक्षकाला शेजारी बसवून. त्यामुळे शिक्षकाची खात्री पटेपर्यंत काही फेऱ्या प्रत्येकालाच घ्याव्या लागतात.

या शाळांना इतिहास आहे. कार्ल बेंझने आपल्या तीन चाकी मोटारीच्या चाचणीसाठी बाडेन संस्थानाच्या अधिकाऱ्यांकडून 1888 च्या ऑगस्टमध्ये लेखी परवानगी घेतली. मोटार चालवण्याच्या परवान्याची गोष्ट बहुधा तिथूनच सांगितली जाते. त्याच महिन्यात त्याची पत्नी बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच मोटारीने मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटर गेली. वाटेत विसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतले, तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडे बसवून घेतले. तेव्हा रस्त्यावर दुसरी मोटारच नव्हती, त्यामुळे कोणी आधी जायचे हा प्रश्न तिला पडला नाही. पुढच्या वीस वर्षांत तो पडला. रुडोल्फ केम्फ यांनी 1904 मध्ये आशाफेनबुर्गला मोटार चालवायला शिकवणारी पहिली जर्मन शाळा काढली आणि 1909 च्या कायद्याने साऱ्या जर्मन साम्राज्यात परवान्याचे एकच नियम आले.

लेखी परीक्षा संगणकावर होते. हजाराहून अधिक प्रश्नांच्या साठ्यातून तीस प्रश्न येतात. प्रत्येक चुकीला दोन ते पाच दोषांक. दहाहून अधिक दोषांक झाले की नापास, आणि पाच दोषांकांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच असली तरी नापास. जर्मनखेरीज बारा भाषांत ही परीक्षा देता येते. त्यांत तुर्की आहे, अरबी आहे, इंग्रजी आहे. हिंदी नाही, त्यामुळे आपली माणसे बहुधा इंग्रजी निवडतात. कोणते पाच दोषांकांचे, कोणते दोनचे, यावरूनच त्या देशाचा विचार उमगतो. कुणी आधी जायचे याविषयीचे प्रश्न जवळजवळ सगळे जड असतात.

जर्मनीतल्या कुठल्याही निवासी भागात शिरा. रस्त्याच्या तोंडाशी ताशी 30 किलोमीटरची पाटी असते आणि तिच्यापुढे चौकात बहुधा काहीच नसते. सिग्नल नाही, पोलीस नाही, थांबा म्हणणारी खूण नाही. तिथे एकच नियम: उजवीकडून येणारा आधी जाणार. तो लहान गल्लीतून येवो की मोठ्या, त्याची गाडी जुनी असो की नवी, तो सायकलवर का असेना. आपण थांबायचे आणि तो जाणार. सरळसोट रस्त्यावरून जाताना उजवीकडे एखादी अरुंद, झुडपांनी झाकलेली गल्ली असते. तिथून कुणी येत असेल या हिशेबाने वेग कमी करायचा, मान वळवून पाहायचे आणि मगच पुढे जायचे. दोनशे मीटरमध्ये अशा पाच गल्ल्या असतील तर पाचही वेळा. परीक्षक या गल्ल्यांतून मुद्दाम नेतो.

हा नियम आपल्याला परका वाटतो, पण तो परका नाही. भारतातील 1989 च्या रस्ता-नियमांत लिहिलेलेच होते की मुख्य रस्ता म्हणून जाहीर नसलेल्या चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्या सगळ्या वाहनांना वाट द्यावी. लर्निंग लायसन्सच्या वेळी आपण ते पाठ केलेले असते. पण कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या बिनसिग्नलच्या चौकात त्या नियमाच्या भरवशावर गाडी घालायला कुणी धजावणार नाही, कारण समोरच्याने तो नियम ऐकला असेल आणि तो पाळेल याची खात्री कुणालाच नाही. नियम कागदावर असतो तेव्हा त्याचा उपयोग शून्य असतो. दुसऱ्यालाही तो माहीत आहे हे मला माहीत असते, तेव्हाच तो चौकात कामाला येतो.

जर्मन न्यायालयांनी हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली आहे. तिला तिथे विश्वासाचे तत्त्व म्हणतात. जो चालक स्वतः नियमाने चालतो, त्याने इतरही नियमाने चालतील असे धरून चालावे. उलट काही दिसत नाही तोवर त्याने प्रत्येकाचा संशय घेत राहण्याची गरज नाही. अपघाताचा खटला उभा राहतो तेव्हा दोष कुणाचा हे ठरवताना न्यायाधीश या तत्त्वाचा आधार घेतात. म्हणून पिवळ्या चौकटीची खूण असलेल्या मुख्य रस्त्यावरून जाणारा चालक बाजूच्या गल्लीत गाडी दिसली तरी वेग कमी करत नाही. ती गाडी थांबेल हे त्याला माहीत आहे.

आणि भारतातून गेलेला अनुभवी चालक नेमका इथे अडखळतो. त्याचे डोळे तयार असतात, गाडीवर त्याचा ताबा असतो, पण गल्लीत गाडीचे नाक दिसले की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. पुण्यात ती सवय जीव वाचवते. जर्मनीत मागची गाडी तुम्ही विनाकारण थांबणार नाही या विश्वासाने येत असते, आणि सबळ कारणाशिवाय जोरात ब्रेक दाबणे तिथे नियमाने मना आहे. शिक्षक समजावतात की हक्क तुमचा असेल तर तो घ्या, तुम्ही कचरलात की चौकातल्या सगळ्यांचा हिशेब बिघडतो. दुसऱ्याला वाट देणे बहुतेकांना आठवड्याभरात जमते. स्वतःची वाट निःशंकपणे घ्यायला जास्त दिवस लागतात. विनाकारण फार हळू चालवणे हीसुद्धा परीक्षेत चूक धरली जाते, हे ऐकून अनेकांना पहिल्यांदा खरे वाटत नाही.

शरीराचे शिक्षण वेगळे. चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताला येतो. इंडिकेटर द्यायला गेलेल्या हाताने काचेवरचे वायपर सुरू होतात. हे आठवड्याभरात सुटते. रस्त्याची बाजू मात्र फसवी असते. गर्दीत माणूस चुकत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवत असते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पहाटे, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, मोठ्या पार्किंगमधून वळताना, रविवारी निर्मनुष्य गावात. समोर कुणी नसते तेव्हा हात जुन्या सवयीने डावी बाजू धरतात. त्यामुळे बाहेर पडण्याच्या प्रत्येक वळणावर ‘उजवी बाजू’ असे मोठ्याने म्हणत राहावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

फारशुलेच्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘शुल्टरब्लिक’. खांद्यावरून मागे पाहणे. उजवीकडे वळण्याआधी मधला आरसा, उजवा आरसा आणि मग मान वळवून खांद्यामागे एक नजर. आरशात न दिसणाऱ्या त्या कोपऱ्यात सायकलस्वार असतो. तो सरळ जात असतो आणि आपण वळणार असतो, तेव्हा हक्क त्याचा असतो. ज्या रस्त्यात आपण वळतो तो ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचाही हक्क आपल्याआधी असतो, तिथे झेब्रा पट्टे रंगवलेले नसले तरी. सायकलला मागे टाकताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावे लागते. 2020 पासून हे आकडे नियमातच आहेत. तेवढी जागा नसेल तर सायकलच्या मागे तिच्याच वेगाने जायचे. भारतात गाडी शिकताना आरसे वापरायला तरी शिकवतात, मान वळवायला क्वचितच. परीक्षेत मात्र मान वळली नाही तर परीक्षकाला ते मागच्या आसनावरून स्पष्ट दिसते.

आउटोबानचे नाव काढले की लोक वेगाबद्दल विचारतात. त्या महामार्गांच्या जाळ्याच्या मोठ्या भागावर आजही वेगाला सक्तीची मर्यादा नाही. ताशी 130 हा 1978 पासून केवळ सल्ला आहे. पण शिकणाऱ्याची खरी कसोटी तिथे शिरताना लागते. महामार्गाला जोडून एक लांब पट्टा असतो. त्या पट्ट्यावर गाडीचा वेग वाढवत न्यायचा, ताशी 80, 90, 100. बाजूच्या रांगेत फट पाहायची, आरसा, इंडिकेटर, खांद्यामागे नजर, आणि त्याच वेगाने आत शिरायचे. पट्ट्याच्या टोकाला जाऊन थांबणे अत्यंत धोक्याचे, कारण मग शून्यातून शंभरच्या वेगात शिरावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शिरताना आपण आधी थबकतो आणि मग हळूहळू आत सरकतो. आउटोबानवर धीटपणा हीच सुरक्षितता आहे. आत असलेल्यांचा हक्क पहिला, पण शिरणारा नीट वेगात आला तर तेही शक्य तेवढी जागा करून देतात.

दोन रांगांची एक होते तिथे पर्सची चेन बंद व्हावी तशा गाड्या मिसळतात: एक या रांगेतली, एक त्या रांगेतली. चेनवरूनच त्या नियमाला नाव मिळाले आहे. बंद होणाऱ्या रांगेत शेवटपर्यंत जायचे आणि अडथळ्याच्या अगदी आधी मिसळायचे, हे नियमातच सांगितले आहे. पुढे जाऊन घुसणारा उद्धट, असे आपले संस्कार सांगतात, म्हणून अनेक जण लवकरच दुसऱ्या रांगेत शिरतात आणि त्याने उलट कोंडी लांबते.

कोंडीचा आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. महामार्गावर वाहतूक चालण्याच्या वेगावर आली की, रुग्णवाहिका दिसण्याची वाट न पाहता, सगळ्यात डावीकडच्या रांगेने डावीकडे सरकायचे आणि बाकीच्या सगळ्या रांगांनी उजवीकडे. मध्ये एक गल्ली उघडते आणि मागून रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाचा बंब न अडखळता निघून जातो. शेकडो चालक एकमेकांशी एक अक्षर न बोलता हे करतात. 2017 पासून ही गल्ली न करणाऱ्याला किमान दोनशे युरो दंड आहे. लेखी परीक्षेत हा प्रश्न येऊ शकतो आणि शिक्षक तो हाताच्या बोटांवर समजावतात: उजव्या हाताचा अंगठा ही डावी रांग, उरलेली चार बोटे बाकीच्या, मधली मोकळी जागा रुग्णवाहिकेची.

या व्यवस्थेत एकाने विश्वास मोडला तर काय होते, तेही रेडिओवर ऐकू येते. गाणे मध्येच थांबते आणि निवेदक सांगतो की अमुक महामार्गावर, अमुक दोन फाट्यांच्या दरम्यान एक गाडी उलट्या दिशेने येत आहे; उजवीकडे राहा, ओव्हरटेक करू नका. एका चालकासाठी साऱ्या प्रदेशाला सावध केले जाते. आपल्याकडे सोसायटीच्या फाटकापर्यंत राँग साइडने येणारी दुचाकी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हॉर्नबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडे ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 मध्ये बंदी घातली, कारण ती ओळ वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. आपला हॉर्न ‘मी इथे आहे’ एवढेच सांगतो आणि ते सांगावे लागते, कारण आपण दिसलो आहोत याची खात्री नसते. जर्मनीत हॉर्न आणि दिव्यांची उघडझाप या दोन्हींना नियमाने दोनच प्रसंगी मुभा आहे: धोका असेल तेव्हा, किंवा गावाबाहेर ओव्हरटेक करत असल्याचे कळवायला. व्यवहारात दिव्यांची उघडझाप करून ‘तुम्ही जा’ असे सुचवणारे बरेच भेटतात. आपल्याकडे समोरच्याने दिवे मारले की ‘मी येतोय, मध्ये येऊ नकोस’ असा अर्थ होतो. एकाच खुणेचे हे दोन उलटे अर्थ मोठ्या अपघाताला पुरेसे आहेत. नव्याने गेलेल्याने यासाठी दिव्यांवर विसंबू नये, समोरची गाडी खरोखर थांबली का ते पाहावे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ते लोकच मुळात शिस्तीचे, आपल्याला ते कसे जमणार. मला हे मान्य नाही, आणि आकड्यांनाही नाही. 1970 मध्ये एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यावर 19 हजारांहून अधिक माणसे मेली. लोक तेच होते, शिस्त त्यांच्या रक्तात असती तर हे झाले नसते. त्यानंतर एकामागून एक पावले पडली. 1972 मध्ये गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी 100 ची मर्यादा आली. 1973 मध्ये रक्तातल्या मद्याची मर्यादा हजारात 0.8 झाली आणि 1998 मध्ये 0.5. पुढच्या आसनांवर सीटबेल्ट 1976 मध्ये सक्तीचा झाला, पण दंड नव्हता, त्यामुळे पुष्कळ लोक तो लावत नसत. 1984 मध्ये दंड सुरू झाला आणि लवकरच दहापैकी नऊहून अधिक चालक पट्टा लावू लागले. 1986 मध्ये नव्या चालकांसाठी दोन वर्षांचा परीक्षाकाळ आला. त्या काळात गंभीर चूक झाली तर पुन्हा वर्गात बसावे लागते, आणि आता त्या काळात मद्याची मर्यादा शून्य आहे. दोषांकांची नोंद फ्लेन्सबुर्ग शहरातल्या केंद्रीय कार्यालयात होते आणि आठ दोषांक झाले की लायसन्स जाते. 1970 नंतर गाड्या कितीतरी वाढल्या, पूर्व जर्मनीही जोडली गेली, तरी 2022 मध्ये सबंध देशात रस्त्यावरचे मृत्यू सुमारे 2,800 होते. त्याच वर्षी भारतात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. लोकसंख्येचा फरक लक्षात घेऊनही हा आकडा छातीवर दगड ठेवल्यासारखा बसतो. जर्मन रस्त्यावरचा विश्वास पन्नास वर्षांत कायदा, दंड, रस्त्यांची आणि गाड्यांची सुधारणा आणि फारशुले यांनी मिळून घडवला आहे. घडवलेली गोष्ट दुसरीकडेही घडवता येते.

जर्मनीच्या दुसऱ्या भागानेही यात भर घातली आहे. लाल सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण रंगवलेला असेल तर पूर्ण थांबून, सगळ्यांना वाट देऊन उजवीकडे वळता येते. ही पाटी 1978 मध्ये पूर्व जर्मनीत आली. एकीकरणानंतर तिथले बहुतेक नियम पुसले गेले, पण ही पाटी लोकांना सोयीची वाटली आणि 1994 पासून ती साऱ्या देशाच्या नियमांत आली. परीक्षेत इथे पुष्कळ जण घसरतात. बाण दिसला की ते हळू होतात, पण चाके पूर्ण थांबवत नाहीत. थांबण्याच्या अष्टकोनी खुणेपाशीही हीच गत होते. तो अष्टकोन आणि वाट देण्याचा उलटा त्रिकोण बर्फाने झाकला गेला किंवा मागून पाहिला तरी आकारावरून ओळखू येतो, त्यामुळे ‘दिसले नाही’ ही सबब चालत नाही.

रस्त्यावरची परीक्षा पंचावन्न मिनिटांची. शिक्षक शेजारी बसतात, त्यांच्या पायाखाली दुसरे ब्रेक आणि क्लच असतात. परीक्षक मागे बसतो. शिक्षकाला स्वतःचा ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. सूचना जर्मन भाषेत आणि मोजक्या असतात. ‘पुढे डावीकडे’, ‘पुढे उजवीकडे’. काही सांगितले नाही तर सरळ जायचे. टायरची नक्षी किमान किती खोल हवी असे एखादे विचारले जाते, उत्तर 1.6 मिलिमीटर. मग पार्किंग, कोपऱ्यावरून मागे वळणे, आणि कधीकधी एका रिकाम्या रस्त्यावर अचानक पूर्ण ताकदीने ब्रेक. आपल्या आरटीओच्या मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढून लायसन्स मिळवलेल्या माणसाने आयुष्यात कधी ब्रेक पूर्ण दाबलेला नसतो. गाडी केवढ्या धक्क्याने आणि किती थोड्या अंतरात थांबू शकते, हे त्याला इथे प्रथमच कळते. पास झालात तर बहुधा परीक्षकच तिथल्या तिथे कार्ड हातात देतो किंवा पुढे कुठून घ्यायचे ते सांगतो. परदेशी लायसन्स मात्र कचेरीत जमा करावे लागते.

विश्वासाच्या तत्त्वाला अपवाद आहेत आणि फारशुलेत ते ठासून शिकवतात. मुले, वृद्ध आणि असहाय माणसे यांच्याबाबत तो विश्वास ठेवायचा नाही. ती नियमाने वागतील असे गृहीत धरायची चालकाला परवानगी नाही. त्यांना धोका होणारच नाही इतका वेग कमी करून, ब्रेकच्या तयारीने जायचे. लेखी परीक्षेत चित्र येते: उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर आलेला चेंडू. मग हिशेब येतो. वेगाला दहाने भागून तीनने गुणले की पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर मिळते. दहाने भागून वर्ग केला की ब्रेकचे. ताशी 50 ला 15 आणि 25, मिळून 40 मीटर. ताशी 30 ला 9 आणि 9, मिळून 18. निवासी गल्ल्यांत 30 ची पाटी का असते ते या दोन बेरजा सांगतात.

दुसरा अपवाद चौकातला. बिनसिग्नलच्या चौकात चारही बाजूंनी एकाच वेळी एकेक गाडी आली तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतेच. नियमाप्रमाणे चौघांनीही थांबायचे आणि कुणीच जायचे नाही. इथे नियम स्वतःच सांगतो की कुणीतरी आपला हक्क सोडावा, आणि तो सोडला आहे हे दोघांनाही स्पष्ट कळल्याशिवाय दुसऱ्याने त्याचा फायदा घेऊ नये. म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचे, हाताने खूण करायची आणि समोरच्याला ती कळली हे पाहायचे. पुण्या-मुंबईच्या चौकांत वाढलेल्या चालकाला हे कुणी शिकवावे लागत नाही, त्याची सारी उमर त्यातच गेलेली असते. इथे शिक्षकाला बहुधा बोलावेच लागत नाही. हाताच्या खुणेने तो चालक आपल्या डावीकडच्या गाडीला जाऊ देतो. ती गेली की तिच्या डावीकडच्या गाडीची उजवी बाजू मोकळी होते, ती निघते, तिच्यामागून तिसरी निघते, आणि हक्क सोडणारा चौथा जातो.